चौकट

सुतळीची मीटरभर चौकट, चार खुंट्या,
रकाने आखलेली वही,
आणि पुढे सुगाय दारसिंबे,
मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून.

पहिली चौकट वैराटच्या माथ्यावर.
माती बोटाच्या पेराएवढी,
खाली काळा फत्तर, सकाळीच तापलेला.
कुसळी, पवन्या, रोशा,
एक आवळा, माझ्या गुडघ्याएवढा म्हातारा,
वाऱ्याकडे पाठ करून.
मी लिहितो : प्रजाती चार.
ती वाकते, दगडाच्या चिरेत
नखाएवढं काही हिरवं दाखवते.
पाच.

मग दक्षिण उतार. सगळी सालई.
सोललेल्या कागदासारखी साल,
झाडा-झाडात अंतर, मध्ये उजेडच उजेड.
बिचारी, मी म्हणतो, खडकातून काय खात असतील.
"सालईले लय माती नोको देऊ," सुगाय म्हणते,
"सडते."

धार ओलांडली की दुसराच मुलूख.
इथं दुपारी बारालाही सकाळच.
बुंध्यांवर शेवाळ, दगडाआड नेचे,
जांभळाखाली पाय ठेवावा तिथं ओल.
चाळीस पावलं चाललो असू.
नकाशावर ही जागा
दोन रेषांमधली पांढरी फट आहे.

खाली नाल्याकाठी, अर्जुनाच्या मुळांशी
पेन्सिल मागे पडते.
एकवीस नावं. त्यातली सहा
फक्त तिच्या कोरकूत मिळाली,
मी ऐकली तशी लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह.

भाकर मोडताना सांगते,
गाव खाली नेलं त्या साली
तिनं इथली कुटकी पदराला बांधून नेली,
अकोटकडच्या काळ्या वावरात पेरली.
"आली ना. माह्या छातीलोक आली."
मग?
"पाला. निरा पाला.
दाणा धरलाच नाही तिनं."

शेवटची चौकट जुन्या गावठाणात.
उतार शून्य. माती खोल, राखट.
गोठे होते तिथं तरोटा माणसाएवढा,
चुली होत्या तिथं अजून काहीच नाही,
आणि एका कुडाच्या रेषेवर
दुधीचा वेल, कुणी न लावलेला,
आधार शोधत जमिनीवरूनच सरपटलेला.

मी सुतळी ताणतो, खुंटी ठोकायला दगड उचलतो.
ती बूट काढून बाजूला ठेवते.
"खुटी जराशी सरकव," म्हणते,
"थे दार हाय."