पकड

सकाळी पावणेसातला मी खिळ्यावरचा पट्टा काढते.
कातडी, रुंद, कडा काळ्या पडलेल्या.
हाच धरून कुणी कुणी त्यांना अस्मान दाखवायला आले
आणि स्वतःच भुशात तोंडघशी पडले.
आता तो त्यांच्या कमरेला मी बांधते.
"अजून एक भोक आत," म्हणतात,
"पोट राहिलंय कुठं?"

"पाठीनं उचलू नकोस. गुडघे वाकव.
छाती माझ्या छातीला भिडव. लाजतेस काय?
आता दोन्ही हात मागून पट्ट्यात.
श्वास सोडताना, हं!"

चाळीस वर्षं ग्लदानीच्या शाळेत
त्यांनी पोरांना हेच शिकवलं.
मला नाही.
मुलींनी ढोल सुरू झाला की
कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.
मी शिकतेय त्रेपन्नाव्या वर्षी,
एकाच पैलवानाशी रोज झुंजत,
त्याला पाडायचं नाही, एवढाच डाव.

पलंगावरून खुर्चीत, एक गिरकी.
खुर्चीतून संडासात, तर मध्ये उंबरा आडवा येतो.
बोंडोनं फळीचा उतार ठोकून दिलाय,
चाक चढलं की ती फळी कण्हते,
बाबा तिला "हो गं बाई" म्हणतात.
न्हाणीत आम्ही दोघंही भिंतीकडे बघतो.
तिथली एक फरशी तडकलीय,
तिची रेघ मी डोळे मिटून काढून दाखवीन.
ते हवेविषयी बोलतात. मी हो हो करते.
साबण निसटला की हसतो,
जरा जास्तच.

भाऊ व्रोत्स्वाफहून फोन करतो: एखादी बाई ठेव, पैसे मी देतो.
बाबा पलंगावरून ओरडतात,
"तिला विचार, पकड येते का!"

मार्चमध्ये पडलो.
ते पडले नाहीत, आम्ही पडलो,
त्यांनी माझा खांदा सोडला नाही, मी पट्टा.
दोघांच्या पाठी जमिनीला, डोळे छताला.
"कुणाची आधी टेकली?"
माझी.
"मग मी जिंकलो."
त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.
हात लांबवून मी उशी ओढली,
त्यांच्या मानेखाली सारली.
बोंडो कामावरून यायला एक तास वीस मिनिटं होती.
तेवढ्यात आम्ही छतावरचे ओलीचे डाग वाटून घेतले,
खिडकीकडचे त्यांचे, दाराकडचे माझे.

रविवारी खाली जायचं.
लिफ्ट उतरताना फुकट, चढताना दहा तेत्री.
"माणसानं उतरावं अशीच सोय केलीय," ते म्हणतात.
लिफ्ट संपते तिथून अंगणापर्यंत सात पायऱ्या.
या सात, इमारत काढणाऱ्यानं
कुणाच्या गुडघ्यांवर मोजल्या होत्या, कोण जाणे.
एका बाजूला बोंडो, एका बाजूला मी, मध्ये एल्गुजा पैलवान,
पाय हवेत, मान ताठ.
डॉमिनो टाकून सगळे म्हातारे उभे राहतात.
ते खवळतात: "बसा रे! मेलोय का मी?"
तेवढ्यात नाणं माझ्या मुठीत आहे ना,
मी चाचपून बघते.

आमच्याकडे बापाला मामा म्हणतात,
आणि बापही लाडानं लेकराला तेच म्हणतो: मामिको.
कोण कुणाचा बाप, हाकेवरून कळू नये अशी रीत.
लहानपणी मी त्यावर कधी अडले नव्हते.
काल रात्री कूस बदलून दिली, दिवा घालवला,
आणि अंधारातून आवाज आला, "मामिको..."

मी ओ द्यायला उशीर केला.

"काही नाही. पट्टा ओला झालाय घामानं.
हीटरवर टाकू नकोस, कातडं तडकतं.
खिळ्यावरच राहू दे.
आणि उलटा टांग, उलटा."