पेन्सिलची रेघ

कॉफी गाळायचे कागद संपले होते.
सकाळी सहाला कळलं,
शिंपल्यांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आले तेव्हा.
बोटांना खाऱ्या पाण्याचा वास,
आणि डबा रिकामा.

मियारायनं सगळे कापले होते. बोटभर रुंदीच्या पट्ट्या,
चिमट्यांनी दोरीवर टांगलेल्या,
चुलीच्या वर, एलिसेओच्या मोज्यांशेजारी.
मी ओरडणारच होते.
पण दमलेल्या माणसाला ओरडण्याआधी खुर्ची लागते.
बसले, आणि मान वर केली.

हिरव्या पेनातून पिवळा निघाला होता.
तपकिरीतून गुलाबी, नारिंगी,
आणि कुठून कोण जाणे, निळा.

"टिंब पाण्यात बुडवायचं नाही," ती जागीच होती,
नऊ वर्षांची, अंगात माझा स्वेटर, गुडघ्यांपर्यंत.
"काल पहिल्यांदा बुडवलं, तर सगळा रंग ग्लासात उतरला.
आधी पेन्सिलनं रेघ मारायची. रेघेवर टिंब.
पाणी रेघेच्या खाली ठेवायचं,
आणि गप्प बसायचं.
पाणी आपणहून चढतं."

चढतं, हे मला ठाऊक आहे.
आमचं घर खांबांवर उभं आहे, खाडीत.
कास्त्रोच्या या गल्लीत प्रत्येकीच्या जमिनीखाली
दिवसातून दोनदा समुद्र येतो, न विचारता,
आणि उतरताना लाकडावर पट्टे ठेवून जातो:
खाली शिंपल्यांचा काळा, वर शेवाळाचा हिरवा,
त्याच्याही वर मिठाचा, पांढरट.
खांब पाहून सांगता येतं, पाणी कुठवर आलं होतं.

एलिसेओचं जाड मार्कर, माशांच्या खोक्यांवर लिहायचं,
पाण्याला बधलंच नाही.
पाणी त्याच्या अंगावरून निघून गेलं,
ठिपका आपला जागच्या जागी, ढिम्म.
मग म्हणे शेजारच्या ओतिलियाबाई आल्या,
जखमा पुसायचं स्पिरिट त्यांनी स्वतः चमचाभर ओतलं,
खिडकी उघडली, चूल विझवली,
आणि तो अडेलतट्टूसुद्धा विरघळला.
हे सांगताना ती इतकी हसली
की मलाही हसावं लागलं.

मग खिडकीकडे लक्ष गेलं.
तिथं दोनच पट्ट्या, बाकीच्यांपासून लांब,
काचेला चिकटपट्टीनं लावलेल्या.
खाली पेन्सिलनं, नीट अक्षरात:
यादी.
पत्र.

यादी माझी. पीठ, बटाटे, साबण, दिव्याच्या वाती.
पत्र आन्सेल्मोचं,
दक्षिणेकडच्या बोटींवर असतो तो,
दर वाढदिवसाला एक, तिरप्या अक्षरात.
तीन वर्षं झाली. यंदाचं मागच्या मंगळवारी आलं.
"तुझा बाबा" आणि त्यापुढे पूर्णविराम.
तो पूर्णविराम तिनं नखुरड्याएवढा कापून घेतला होता,
ओल्या बोटानं दाबून गाळणीच्या कागदावर उतरवला होता.

दोन्हीकडे खाली जांभळा.
मध्ये निळा, जरा फाटलेला.
अगदी वर फिकट पिवळा,
दोन्हीकडे एकाच उंचीवर.
तिनं मोजलंही असणार. पट्टी टेबलावरच होती.

माझं काळं पेन माझ्या कोटाच्या खिशात होतं.
त्याचं वजन कधी जाणवलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. तीही नाही.
भरती चढत होती, फळ्यांखाली चुबुक चुबुक.
एलिसेओ आतून ओरडला, पाव आहे का,
आणि मी उठून पाव कापला,
आहे त्यापेक्षा पातळ.

दप्तर पाठीवर घेऊन ती दारात थांबली.
"गाळण्या आण," म्हणाली, "मोठ्या पाकिटातल्या."
बुटाची नाडी बांधायला वाकली,
आणि तशीच, वाकलेलीच, मान वर न करता:
"आणि पुढच्या वर्षी पेन्सिलनं लिही, आई.
पेन्सिल पाण्यात हलत नाही."