एक बाटली कमी

ईस्टर आटोपला की चकाल्याच्या गावठाणात
मिरच्या उतरायच्या.
चटया कौलांवर, चटया क्रुसाच्या ओट्यावर,
लुईजकाकाच्या बंद पडलेल्या फियाटच्या टपावरसुद्धा.
आम्हा पोरांना शिंका,
आणि गल्लीतली कुत्री दोन आठवडे
चर्चच्या मागे राहायला जायची.

बाटल्या भंगारवाल्याकडून.
बिअरच्याच, तपकिरी.
पांढऱ्या काचेत मसाला उजेडाला भितो, आई म्हणायची.
राखेनं घासलेल्या, माना खाली घातलेल्या
छत्तीस बाटल्या अंगणात,
शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

चांगुणाबाई यायची मुसळ खांद्यावर टाकून,
मागून तिची नणंद.
एक उखळ, दोन मुसळं,
एक वर, एक खाली,
कधी एकमेकांना लागली नाहीत.
आई दार लोटून घ्यायची,
मग तागडीशिवाय, मुठीनं,
दगडफूल, नाकेशर, भाजलेले गहू,
आणि झग्याच्या खिशातून शेवटचं काहीतरी
जे मला कधी नीट दिसलं नाही.

तीस घरं, तीस मसाले.
जावेला सांगताना एक जिन्नस गाळून सांगायचा,
ही रीतच.
कुटणारीपासून मात्र काय लपणार?
तीस घरांची गुपितं एका नाकात,
आणि बाई ह्या घरचं त्या घरी
कधी शिंकली नाही.

संध्याकाळी आई काठीनं बाटल्या ठासायची,
बूच, बुचावर मेण.
बापूस गोदीत टॅली क्लार्क,
मोजल्याशिवाय त्याला झोप नाही.
"पस्तीस."
"एक फुटली," आई म्हणायची.
दरवर्षी एक फुटायची.
काच कुणाच्या पायात गेल्याचं
ऐकिवात नाही.

आई गेली तेव्हा फळीवर दीड बाटली होती.
वहीत अठरा जिन्नस, सुंदर अक्षर,
आणि प्रत्येकापुढे एकच माप: अंदाजे.
मी तीनदा करून पाहिला.
तिन्ही वेळा दुकानासारखा झाला.

चांगुणाबाई सापडली साकीनाक्याला,
चौथा मजला, लिफ्ट बंद.
मोतीबिंदूनं डोळे दुधाळ.
माझा हात नाकाशी नेला तिनं,
भाजीवाली कोथिंबीर हुंगते तसा.
"इस्मेनियाबाईंची?"
मी वही काढली. माप विचारलं.
"घरचं घरात," ती म्हणाली.
"मी त्याच घरातली आहे, बाई."
"मग तुला ठाऊक पायजे."

ह्यावर काय बोलणार.
उठले, तर सुनेनं बसवलं,
जेवल्याशिवाय कसं जायचं म्हणे.
तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण.
पहिला घास तोंडात गेला
आणि मी चावायची थांबले.
रविवार. मिसाहून आलेले बूट दारात.
बापूस रेडिओचा कान पिळतोय.
आई उकळीत बोट दाखवून म्हणते, आत्ता नाही,
आता टाक चिंच.

शेगडीमागच्या फळीवर
एक तपकिरी बाटली उभी होती,
कुणी लपवलेली नव्हती.
"आत्यांच्या हातचा अंदाज," सून म्हणाली,
"मी मिक्सरला लावते. कुटायला
आता कुणाच्या खांद्यात दम आहे?"
चांगुणाबाई आपली भाकरी मोडत होती,
माझ्याकडे न बघता,
म्हणजे तशीही तिला मी दिसत नव्हते.
"तुझा बापूस लई मोजायचा," एवढंच म्हणाली.

वही मी पिशवीतून पुन्हा काढली नाही.

परतताना रिक्षात
न धुतलेला हात नाकाशी धरून बसले.
मेट्रोच्या खांबांखाली सिग्नल लागला.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं,
मीटरवर फडकं मारलं,
त्याला वाटलं असेल, बाई रडतेय.
ठसका होता.