घटक चाचणी, इयत्ता आठवी

वाशीच्या केंद्रात मंगळवार दुपारची पाळी.
चार नंबरची खुर्ची अण्णाची,
शेजारचं प्लास्टिकचं स्टूल माझं,
मांडीवर आठवी ‘ब’चा गठ्ठा, एक्केचाळीस पेपर.
लाल पेन इथे काढवत नाही मला,
समोर नळ्यांतून तोच रंग फिरत असतो.
म्हणून हिरवं आणलंय. मोठे सर बोलतील. बोलू देत.

प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा.
पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणजे काय?
अडतीस जणांनी तंतुकणिका लिहिलंय, पाठच आहे ते.
दोघांनी केंद्रक.
एकाने ‘कळव्याचं सबस्टेशन’,
त्याचे वडील तिथे कंत्राटावर आहेत.
शून्य दिलं, पण इतकी हसले
की नर्सने वळून बघितलं.

प्रश्न दुसरा, सजीवांची सात लक्षणं.
वाढ, हालचाल, श्वसन, पोषण,
चेतनाक्षमता, प्रजनन,
इथवर सगळे धावत येतात.
उत्सर्जन नऊ जण विसरले.
अर्धा गुण कापत गेले मी, नऊदा, हाताच्या सवयीनं.
“काय विसरली पोरं?” अण्णा डोळे मिटूनच विचारतो.
मला सांगायचं नव्हतं.
सांगितलं.

दीड वर्ष झालं,
त्याच्या अंगातून एक थेंब आपणहून उतरलेला नाही.
पावण्याच्या रंगाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
पिंपावर पिंप रिकामं करणारा माणूस.
“म्हणजे मी सातापैकी सहा,” तो म्हणतो,
“लग्न केलं नाही, म्हणजे पाच.
पस्तीस टक्क्यांना पासच ना अजून?”
पाच नंबरच्या फर्नांडिसबाई
पांघरुणाआडून बोलतात, “मी सहा हां. चार मुलं हायत मला.”

प्रश्न चौथा, परासरण म्हणजे काय, उदाहरणासह.
तन्वेश मढवी, दिवा कोळीवाडा,
अक्षर खेकड्यासारखं, आडवं चालणारं:
‘बांगड्याला मीठ लावून ठेवला की परातीत पाणी सुटतं.
मीठ आत जाऊन पाणी ओढत नाय.
पाणीच निघून येतं, जिकडं कमी आहे तिकडं.
आय बोलते मासळी रडते.
पण तवा ती मेलेली असते.’

उत्तरसूची माझीच आहे.
व्याख्येला एक, उदाहरणाला अर्धा,
निवडक्षम पारपटल लिहिलं तर अर्धा.
त्यानं लिहिलेलं नाही.
पेन टेकवलं आणि वर बघितलं
तर अण्णाच्या डोक्याशी, मशीनच्या कुशीला
तेच उभं होतं,
वीतभर पारदर्शक नळकांडं, आत केसांएवढ्या हजारो पोकळ नळ्या.
बारा वर्षं फळ्यावर मी ज्याची तुटक रेघ काढते
आणि म्हणते, मुलांनो, याला कळतं
कुणाला सोडायचं, कुणाला नाही.
पाणी सोडायचं. युरिया सोडायचा.
रक्तपेशी सोडायच्या नाहीत.
अण्णाला सोडायचं नाही.

तिसऱ्या तासाला त्याला बर्फाचा एक तुकडा मिळतो.
तो गालात धरून, चोखायचं टाळत, म्हणतो,
“कुंदे, मासळीवाल्याला किती दिलेस?”
“दीड.”
“दोन दे की.”
“पारपटल लिहिलं नाही त्यानं.”
“माशाला कातडी असते, एवढं काय लिहायचं असतं होय?”

दीडच ठेवले.
उद्या उभं करून विचारीन, पाणी आलं ते कशातून आलं.
त्याला येईल.

पेपर उलटला तर मागच्या पानावर, समासात,
कुणी न विचारलेलं एक वाक्य:
‘म्याडम, खाडीतल्या तिवराचं पान चाटलं तर खारट लागतं.’
त्याला गुण कुठलेच नाहीत.
मशीनने शिटी दिली, नर्स आली,
दोन किलो तीनशे उतरलं म्हणाली.
अण्णा बूट शोधत होता पायांनी.
मी हिरव्या शाईत खाली लिहिलं,
‘कुठल्या बाजूनं? वरच्या की खालच्या?
बघून सांग.’