हेल्मेटवरचं नाव

रुवैस, रात्रपाळी.
ओस्टरवाल्डच्या हेल्मेटवरचं नाव घामानं पुसलेलं,
उरलं होतं नुसतं 'वाल्ड'.
म्हणजे रे काय?
जंगल, तो म्हणाला,
आणि व्हॉल्व्हवरची वाळू फुंकली.

हाच शब्द होड्यांतून इंग्लंडला उतरला म्हणे.
पुढे झाडं तुटली, शब्द राहिला;
आता तिकडे 'वोल्ड' म्हणजे
उघडी टेकाडं, मेंढरं, वारा.

मला हसू आलं.
आई फोनवर सांगते, दत्तू रानात गेलाय,
तेव्हा तो उसाला पाणी पाजत असतो.

कुंपणापलीकडे एकच गाफ.
याला तुमच्यात काय म्हणतात?
शमी.
त्यानं मार्कर काढला,
पुसल्या जागी लिहून घेतलं,
चुकीचं.