पाच जोड

हिरोला दोन, डुप्लिकेटला दोन, एक पुतळ्याला:
कैद्याचे पाच जोड शिवले मी
गोरेगावला, फ्लोअरबाहेर पत्र्याखाली,
मशीनच्या एका पायाखाली वीट सारून.

मी म्हटलं, साहेब, याची केस अजून उभीच नाही,
कच्चा कैदी घरचेच कपडे घालतो.
असिस्टंट हसला.
मावशी, पब्लिकला पट्टे लागतात.
लागतात तर लागोत.

पुतळ्याचं माप कुणी देत नाही.
मी प्रज्योतचं घेतलं,
दीड वर्षापूर्वीचं.

शमशादच्या पाठीत वीतभर चीर ठेवली,
आतून कॅनव्हास, दुहेरी टीप.
तिथून तार बाहेर येते.
ती नंतर कॉम्प्युटरवर पुसतात म्हणे,
माणूस तेवढा ठेवतात, हवेत.

हेलिकॉप्टरला शेपूट नव्हतं.
क्रेनला टांगलेलं नुसतं तोंड,
आणि धुळीसाठी चार मोठे पंखे.
तरी शमशादचे पाय जमिनीवरून सुटले
तेव्हा चहावाल्याने किटली खाली ठेवली,
आणि खोट्या वॉर्डरांतला एक
बंदूक रोखायची विसरून वर बघत राहिला.
कट! तू कशाला आ वासतोस रे?

चौथ्या टेकला टीप उसवली. माझी.
सुई दातात धरून धावले, स्टुलावर चढले,
तो तसाच लोंबकळत.
घट्ट मार मावशी, म्हणाला,
खाली गादी आहे, पण पातळ.

शनिवारी सातरस्त्याला मुलाखत.
खिडकीवर शिपाई शर्टाची कॉलर उलटतो,
काठाची शिवण चाचपतो,
पायजम्याची नाडी सर्रकन ओढून
माझ्या हातात परत देतो.
अशा अकरा नाड्या आहेत घरी, बिस्किटांच्या डब्यात.
इलॅस्टिक घालता येतं, मला काय येत नाही?
पण मी दर वेळी नाडीच ओवते.

काचेपलीकडे प्रज्योत, कानाला फोन.
शर्ट खांद्यावरून उतरलेला,
माप चुकलं माझं.
वकिलाचं बोलून झालं, तारखेचं झालं,
मग त्यानेच विचारलं:
किती वर गेला गं तो?
भिंतीच्या जरा वर.
आणि मग?
मग खाली घेतला.
जेवणाची सुट्टी झाली.

हसला.
काय होतं जेवायला, म्हणाला,
आणि मी सांगायला लागले: वांग्याची भाजी, पापड,
तेवढ्यात फोनमधला आवाज गेला.
तरी मी सांगतच राहिले.