फरक पडला का

सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की
स्टिअरिंगवरचे माझे हात थरथरतात,
आरशातली मागची रिक्षा दोन-दोन दिसते.
नबीलाल मेस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाला,
इंजिन खोलावं लागंल, बारा हजार धरून चला.
नाना मागच्या सीटवर होते. बोलले नाहीत.
अशोक चौक मागे पडेपर्यंत डोळे मिटून होते,
मला वाटलं, झोपले.

घरापाशी उतरताना म्हणाले,
तीनातला एक पिक चुकवायलाय.

पिक म्हणजे धोट्याची एक खेप, इकडून तिकडे.
बत्तीस वर्षं ते जॉबर होते साखर पेठेत.
अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडत असताना
कुठल्याचा धोटा उशिरा पोचतो
ते दारातूनच सांगायचे.
आता डाव्या कानात यंत्र असतं. ते काढून त्यांनी
शेंगाचटणीच्या बरणीशेजारी ठेवलं.
त्यानं सगळंच ऐकू येतं, म्हणाले.

रात्रीचे साडेनऊ. दिवसाचं ऊन
अजून घरकुलाच्या भिंतींतून निघालेलं नाही.
आई उंबऱ्याच्या आत विड्यांचे कट्टे मोजतेय,
मोजताना तिच्याशी कुणी बोलायचं नसतं.
मारुती दारात, बॉनेट वर, इंजिन चालू.
नानांनी पेचकसाचं टोक लोखंडाला टेकवलं
आणि लाकडी मूठ उजव्या कानाला.

एक नंबरची वायर उपट.
रबर धरून, वायर धरून नाही.
हे दोनदा.
उपटली. इंजिन गचकलं, विझता विझता राहिलं.
फरक पडला का?
पडला.
मग तो कामाला आहे. लाव परत.

तीन नंबर.
पडला, आणि मला कोपरापर्यंत झटका बसला.
नाना हसले. तोही कामाला आहे.

दोन नंबर.
काहीच झालं नाही.
तोच आवाज, तेच थरथरणं,
वायर माझ्या हातात
आणि इंजिनला खबर नाही.
हा, म्हणाले नाना. हा.

मग जरा जास्तच वेळ गप्प राहिले.

शेठनी रॅपिअर माग आणले त्या वर्षी
दिवाळीनंतर नानांना कामावर बोलावलं नाही.
तरी सोमवारी ते कारखान्यावरून चालत गेले,
रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं, हळू,
कान देऊन.
हे मला आईनं सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

पण लगेच बाद म्हणू नये, नाना म्हणाले.
इंजिन बंद केलं, निवेपर्यंत शेंगा खाल्ल्या,
काठ वाकडा विणला म्हणून न विकलेल्या टॉवेलवर
दोन्ही प्लग मांडले.
दोनचा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा.
तो पुसून एकला लावला, एकचा दोनला.
गाडी चालू केली.
एक चालतोय. दोन अजून गप्पच.
म्हणजे प्लगचा गुन्हा नाही,
त्याला उगाच काळा म्हणालो.

अंगणातला लाईट बंद कर, म्हणाले.
केला.
आधी काही दिसेना, नुसता गरम तेलाचा वास.
मग वायरीच्या मधोमध,
जिथं ती लोखंडाला घासून चिरली होती,
तिथून निळी ठिणगी बाहेर सांडताना दिसली,
टिक, टिक, टिक,
एकही पिक न चुकवता.
निघत होती वेळेवर. पोचत नव्हती.

सकाळी वायर आणू, मी म्हटलं,
बारा हजार वाचले.
नानांनी ऐकलं नसावं,
यंत्र बरणीजवळच होतं.
दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाकून
ते त्या ठिणगीकडे बघत राहिले,
लाईट लाव म्हणेनात.

आतून आई ओरडली, अंधार कुणी केला?
तिची मोजणी चुकली होती.